तीन भाषा, सोळा आठवडे : सहावी ते आठवीच्या परकीय भाषा वर्गाच्या प्रकल्प नोंदी

९ जून · आखणी

गट तीन. सहावीला स्पॅनिश, सातवीला जर्मन, आठवीला जपानी. प्रत्येक गटात ३० मुलं, वय ११ ते १४. आठवड्याला ४० मिनिटांच्या ४ तासिका, १६ आठवडे. कागदावर ६४ तासिका होतात, म्हणजे ४२ तास ४० मिनिटं. चाचण्या, सुट्ट्या आणि इतर कार्यक्रम वजा करून आखणी ५६ तासिकांचीच केली आहे. पूर्ण ६४ धरून आखलेला अभ्यासक्रम शेवटच्या महिन्यात पळवावा लागतो आणि पळवलेलं मुलांच्या डोक्यात टिकत नाही.

फिरत्या वर्गाचा पर्याय (प्रत्येक गटाला तिन्ही भाषा, पाच-पाच आठवडे) नाकारला. त्यात मुलं नमस्कार, आकडे आणि रंग तीन भाषांत तीनदा शिकतात, आणि वाक्य जमू लागतं तेवढ्यात भाषा बदलते.

लक्ष्य : युरोपच्या परिषदेने २००१ मध्ये मांडलेल्या समान स्तररचनेतला ए-१ हा पहिला स्तर. पण ५६ तासिकांत तो पूर्ण होईल असं धरलेलं नाही. २०२० च्या पुरवणीत ए-१ च्याही अलीकडची पायरी स्वतंत्र दिली आहे. ती पूर्ण आणि ए-१ चा काही भाग, एवढंच पदरात पाडायचं. लक्ष्यं ‘येतं’ या शब्दात लिहिली : स्वतःची ओळख करून देता येते, वय आणि वर्ग सांगता येतो, आवडनिवड सांगता-विचारता येते, वस्तू कुठे आहे ते विचारता येतं, वेळ सांगता येते, न समजल्यास ‘पुन्हा सांगा’ म्हणता येतं. ‘वर्तमानकाळ पूर्ण’ असं एकही लक्ष्य नाही.

शब्दांचं गणित : तासिकेला ५ नवे शब्द, ५० तासिका, एकूण २५०. उरलेल्या ६ तासिकांत एकही नवा शब्द नाही.

११ जून · मराठी किती, केव्हा

परकीय भाषा शिक्षकांच्या ॲक्टफल या अमेरिकी संघटनेची शिफारस आहे की वर्गातला ९० टक्के किंवा अधिक वेळ शिकवल्या जाणाऱ्या भाषेतच जावा. ती मान्य. ४० मिनिटांपैकी १० टक्के म्हणजे ४ मिनिटं. ही ४ मिनिटं तासिकाभर शिंपडायची नाहीत. २० व्या मिनिटाला, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, उभी रेघ मारून. तिथेच मराठी बोलायची आणि तिथेच लिहायची. रेघ पुसली की मराठी बंद.

शिंपडण्यात तोटा असा : शिक्षक प्रत्येक वाक्यामागे मराठी अर्थ जोडू लागला की मुलं पहिलं वाक्य ऐकणंच सोडून देतात. मराठी येणारच आहे हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलेलं असतं.

दुसरा ठराव : इंग्रजीमार्गे अर्थ सांगायचा नाही. तिन्ही भाषांची बाजारात मिळणारी पुस्तकं बहुतेक इंग्रजीतून समजावणारी आहेत. मुलाला ‘हे इंग्रजीपेक्षा वेगळं आहे’ असं सांगितलं जातं आणि नेमकी तीच गोष्ट मराठीत जशीच्या तशी असते. अशा जागा हेरून ठेवणं हे या प्रकल्पाचं मुख्य काम.

१६ जून · पहिली तासिका

वही-पेन दप्तरात. जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ऐका-आणि-करा पद्धत. क्रियापदं आठ : उठा, बसा, चाला, थांबा, वळा, स्पर्श करा, दाखवा, घ्या. नामं चार : दार, फळा, खुर्ची, वही.

क्रम असा. शिक्षक आज्ञा देतो आणि स्वतः करतो, तीनदा. मग दोन मुलांबरोबर करतो. मग स्वतः न करता फक्त बोलतो. मग क्रम बदलतो. शेवटी नवी जुळणी देतो. ‘दाराला स्पर्श करा’ आणि ‘खुर्ची दाखवा’ झालं असेल तर ‘खुर्चीला स्पर्श करा’. न ऐकलेली जुळणी करता आली, म्हणजे शब्द सुटे कळले. आधीचे तीन शब्द पक्के झाल्याशिवाय पुढच्या शब्दांकडे जायचं नाही.

काय बिघडतं : मुलं कानाने नाही, शेजाऱ्याकडे बघून करतात. पाचव्या मिनिटाला सगळा वर्ग बिनचूक उठतो-बसतो, आणि शिक्षकाला वाटतं जमलं. उपाय म्हणजे डोळे मिटून एक फेरी. हात वर, हात खाली, डोकं, कान, अशा बसल्या जागी होणाऱ्या आज्ञा द्यायच्या. कोण थबकतं ते लगेच दिसतं. दुसरी चूक शिक्षकाची : बोलण्याआधीच नजर दाराकडे जाते. आज्ञा देताना नजर मागच्या भिंतीवर ठेवायची.

या आठवड्यात कुणालाही बोलायला लावायचं नाही. बोलावंसं वाटलं तर अडवायचं नाही.

१९ जून · उच्चार

स्पॅनिश गटात पहिलीच अडचण ‘त’ ची. स्पॅनिशचा ‘त’ आणि ‘द’ मराठीसारखेच दंत्य आहेत, जीभ वरच्या दातांना लागते. मराठी मुलाला हे जन्मजात येतं. तरीही रोमन लिपीतलं अक्षर दिसलं की तो ‘ट’ म्हणतो, कारण ते अक्षर त्याला इंग्रजीतून भेटलेलं आहे. टेबल, टीचर, टेस्ट. म्हणून क्रम उलटा केला : आधी ऐकणं, मग म्हणणं, आणि तिसऱ्या दिवशी अक्षर. पहिला शब्द ‘तू’ निवडला, कारण स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थही तूच आहे. आणि आदरार्थी ‘उस्तेद’ वेगळा. कोणाला तू म्हणायचं आणि कोणाला नाही, हे मराठी मुलाला समजावावं लागत नाही. जर्मनमध्येही ‘डू’ आणि ‘झी’ अशी तीच विभागणी आहे.

कागदाची पट्टी : २ सेंटिमीटर रुंद, १२ सेंटिमीटर लांब, पातळ कागद. ओठांपासून ३ सेंटिमीटरवर धरायची. स्पॅनिश ‘प’ म्हणताना पट्टी हलू नये. जर्मन ‘प’ म्हणताना हलायला हवी, कारण जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क महाप्राणाकडे झुकतात. कानाला न कळणारा फरक डोळ्याला कळतो, आणि या वयाच्या मुलांना हे करून बघायला आवडतं.

जर्मन ‘त्स’ आणि जपानी ‘त्सु’ साठी इंग्रजी शब्द शोधत बसायची गरज नाही. ‘चमचा’ मधला पहिला च आणि ‘चूक’ मधला च म्हणायला सांगायचं, ‘चहा’ मधला नाही. फरक सांगितल्यावर वर्गात एकदम शांतता होते, कारण आपण रोज दोन वेगवेगळे च बोलतो याकडे मुलांचं लक्ष कधी गेलेलं नसतं.

जर्मन उ-उमलाउट (डोक्यावर दोन टिंबं असलेला उ) : ‘ई’ म्हणत राहा, जीभ जागची हलवू नका, फक्त ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करा. ओ-उमलाउटसाठी ‘ए’ पासून तसंच. ‘उ’ पासून सुरुवात केली तर जीभ मागे राहते आणि ध्वनी ‘यू’ होतो. पुस्तकांत ‘यू’ लिहिलेलं असतं म्हणूनच मुलं ‘यू’ म्हणतात.

देवनागरीत उच्चार लिहून घ्यायला दोनच आठवडे मुभा, तीही पेन्सिलीने. नंतर खोडायचं. खोडलं नाही तर डोळा त्याच ओळीवर जातो आणि मूळ लिपी नुसती शोभेला उरते.

२५ जून · हिरागाना

हिरागाना ही जपानीची आधी शिकायची लिपी. मूळ अक्षरं ४६. आठवड्याला दोन ओळी, पाच आठवडे. जपानी वर्णक्रम अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून, संस्कृत वर्णमालेच्या धर्तीवर आलेला आहे. ‘स’ च्या जागी च-वर्ग आणि ‘ह’ च्या जागी प-वर्ग ठेवून पाहिलं की क, च, त, न, प, म, य, र, व हा आपलाच क्रम समोर येतो. फळ्यावर हे दोन रांगांत लिहिलं. शब्दकोशात शब्द कुठे सापडेल हे मुलं त्यानंतर स्वतःच सांगू लागली.

पण सारखेपणा इथे संपतो आणि इथेच घोळ होतो. मुलं मात्रा शोधतात. ‘का’ शिकल्यावर ‘कि’ म्हणजे त्यालाच काहीतरी वेलांटीसारखं लागत असेल असं त्यांना वाटतं. जपानीत का, कि, कु, के, को ही पाच संपूर्ण वेगळी अक्षरं, एकमेकांशी रूपाचं नातं नाही. पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगायचं.

दोन छोट्या तिरक्या रेघा मात्र नियमाने चालतात : क चा ग, स चा झ, त चा द, ह चा ब. आणि ह वर छोटं वर्तुळ दिलं की प. ‘ह चा ब कसा?’ हा प्रश्न दर वेळी येतो. उत्तर : फार पूर्वी तो ह नव्हता, प होता. प-ब जोडी मुलांना लगेच पटते.

दिसायला सारखी अक्षरं एका आठवड्यात आणायची नाहीत. ‘नु’ आणि ‘मे’. ‘ने’, ‘रे’ आणि ‘वा’. ‘रु’ आणि ‘रो’. ‘सा’, ‘कि’ आणि ‘चि’. वर्णक्रमाने गेलं तर ‘रु’ आणि ‘रो’ एकाच ओळीत येतात, म्हणून त्या ओळीत ‘रु’ चार दिवस उशिरा दिला. ‘रु’ च्या शेवटी गाठ आहे, ‘रो’ ला नाही. मुलाने बोट त्या गाठीवर ठेवून नाव घ्यायचं.

वही : १५ मिलिमीटरचे चौकोन, आत फिकट अधिकचं चिन्ह. एका अक्षराची १० पेक्षा जास्त आवर्तनं नकोत. ११ व्या वेळी हात लिहितो आणि डोकं दुसरीकडे असतं. त्याऐवजी ३ वेळा बघून, झाकून २ वेळा, दुसऱ्या दिवशी झाकून ३ वेळा.

३ जुलै · कार्डांची पेटी

जर्मन पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली कप्प्यांची पद्धत. पाच कप्पे : पहिला रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठ, पाचवा सोळा. बरोबर आलं की कार्ड एक कप्पा पुढे, चुकलं की थेट पहिल्यात. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं. पेटी तेवढ्याच तत्त्वावर चालते.

कार्ड ७ × १० सेंटिमीटर, जाड कागद. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द आणि त्याखाली एक छोटं वाक्य. इंग्रजी अर्थ नाही. चित्र निघत नसेल तिथे मराठी.

तीन आठवड्यांत दिसलेले बिघाड. एक, मुलं कार्ड उलटून बघतात आणि ‘हां, हे येतं’ म्हणून पुढे सरकवतात. ओळखता येणं आणि आठवणं यातला फरक त्यांना जाणवत नाही. नियम केला : चित्राची बाजू वर, शब्द मोठ्याने म्हणायचा, मगच उलटायचं. दोन, पहिला कप्पा फुगतो. २० कार्डांची मर्यादा घातली. २० झाली की नवी कार्डं बंद, तासिकेत कितीही शब्द आले तरी. तीन, पेट्या घरी गेल्या की परत येत नाहीत. आता पेट्या वर्गातच राहतात आणि प्रत्येक तासिकेची पहिली ५ मिनिटं पेटीची.

१० जुलै · जर्मन आकडे

सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी नोंद हीच.

पुस्तकं सांगतात की जर्मन आकडे उलटे असतात. २५ ला आधी पाच आणि मग वीस. उलटे कोणाच्या दृष्टीने? इंग्रजीच्या. मराठीत पंचवीस म्हणताना आपण आधी पाचच म्हणतो. एकवीस, बावीस, पस्तीस, सत्तेचाळीस, सगळीकडे एकक आधी. जर्मन त्यात फक्त ‘आणि’ घालतं : पाच-आणि-वीस.

पाठ सुरू करताना इंग्रजी आकड्यांवरून नेलेल्या मुलांनी श्रुतलेखनात २५ च्या जागी ५२ लिहिलं. दुसऱ्या दिवशी रेघेच्या पलीकडे फक्त ‘पंच | वीस’ असं तोडून दाखवलं, त्याखाली ‘फ्युन्फ | उन्ट | त्स्वान्त्सिश’. त्यानंतर चुका ठरावीक ठिकाणीच उरल्या, आणि ती ठिकाणं मराठीतूनच सांगता येतात : १९, २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९. इथे मराठी वजाबाकी करतं. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. मूल २९ बघतं, मनात एकोणतीस म्हणतं, ‘तीस’ कानात राहतं आणि तोंडातून ३९ चा जर्मन शब्द बाहेर पडतो. जर्मनमध्ये नऊ-आणि-वीस, सरळ बेरीज. ९९ ला मात्र चूक होत नाही, कारण नव्व्याण्णव हीसुद्धा नऊ आणि नव्वदची बेरीजच आहे.

सराव : या आठ आकड्यांची वेगळी पट्टी. मुलाने आधी मराठीत ‘नऊवीस, नऊतीस, नऊचाळीस’ असं मुद्दाम बोलायचं, मग जर्मन. दोन तासिका पुरतात.

ऐकण्यातली वेगळी अडचण म्हणजे १४ आणि ४०, १७ आणि ७०. शेवट ‘त्सेन’ की ‘त्सिश’ एवढाच फरक. यासाठी १२ जोड्यांचं ध्वनिमुद्रण, मुलांनी फक्त बोटाने दाखवायचं. ३० चा शेवट ‘सिश’ आहे, त्यात त नाही. तो अपवाद आजच सांगून टाकायचा.

स्पॅनिश गटाला हे सांगायचं नाही. तिथे दशक आधी, एकक नंतर. जपानीत दोन-दहा-पाच म्हणजे २५. ते सर्वात सोपं. फक्त ४, ७ आणि ९ ला दोन-दोन नावं आहेत. मोजताना योन, नाना, क्यू एवढीच धरली.

१७ जुलै

दोन संघांच्या चुरशीचे खेळ थांबवले. बोलतात तीच चार मुलं, बाकीची गुण मोजतात. त्याऐवजी प्रत्येकाच्या हातात छोटी पाटी : प्रश्न, ५ सेकंद, सगळ्यांच्या पाट्या एकदम वर.

२४ जुलै · ‘मला आवडतं’

स्पॅनिशमधल्या ‘मे गुस्ता’ ला पुस्तकांत मोठं प्रकरण असतं. कर्ता कुठे गेला, क्रियापद वस्तूप्रमाणे का बदलतं, यावर पानं खर्च होतात. फळ्याच्या कोपऱ्यात एवढंच लिहिलं :

मला पुस्तक आवडतं. — मे गुस्ता एल लिब्रो.
मला पुस्तकं आवडतात. — मे गुस्तान लोस लिब्रोस.

‘मे’ म्हणजे ‘मला’. पुस्तक एक असलं की आवडतं, अनेक असली की आवडतात. स्पॅनिशमध्येही गुस्ता, गुस्तान. मराठीत आपण ‘मी पुस्तक आवडतो’ म्हणत नाही, तसं तिथेही म्हणत नाहीत. ४ मिनिटांपैकी दोनच लागली.

फरक तीन, आणि ते सांगावेच लागतात. स्पॅनिशमध्ये नामाआधी एल, ला, लोस, लास सोडता येत नाही. मुलं ‘मे गुस्ता लिब्रो’ म्हणतात, कारण मराठीत तिथे काहीच नसतं. दुसरं, नाव घेतलं की सर्वनाम दुहेरी येतं. ‘आनाला आवडतं’ साठी ‘आ आना ले गुस्ता’, म्हणजे ‘आनाला तिला आवडतं’. हे ‘ले’ हमखास गळतं. ‘ले’ चं पिवळं कार्ड करून वाक्याच्या पट्टीत हाताने बसवायला लावलं. तिसरं, मराठीत आवडतं, आवडतो, आवडते असं लिंगही बदलतं. स्पॅनिश क्रियापदाला लिंग नाही. मुलगा म्हणो की मुलगी, ‘बोलतो’ आणि ‘बोलते’ दोन्हींना एकच ‘आब्लो’.

वय सांगताना मात्र मराठी दगा देतं. ‘मी बारा वर्षांची आहे’ वरून मुलं ‘सोय दोसे’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये वय ‘असतं’ नाही, ‘जवळ असतं’ : तेंगो दोसे आन्योस. ‘आहे’ साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, हा विषय या सत्रात उघडायचा नाही. नावासाठी ‘सोय’ आणि ठिकाणासाठी ‘एस्ता’ ही ठरलेल्या वाक्यांतच ठेवायची.

३१ जुलै · चुका दुरुस्त करणं

रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांबद्दल लिहिलं : शिक्षक सर्वाधिक वेळा मुलाचं चुकीचं वाक्य स्वतःच बरोबर करून म्हणतात, आणि मुलाने त्या दुरुस्तीला प्रतिसाद देण्याचं प्रमाण याच पद्धतीत सर्वात कमी असतं. कारण उघड आहे. मुलाला वाटतं, शिक्षकांनी माझं म्हणणं मान्य केलं.

आता क्रम असा. आधी थांबायचं, किमान ३ सेकंद. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजलं तेव्हा शिक्षक साधारण एकच सेकंद थांबत होते, आणि तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली. नंतर मुलाचं वाक्य चुकीच्या शब्दापर्यंत म्हणून सोडून द्यायचं : ‘मे गुस्ता...?’ तरी जमलं नाही तर दोन पर्याय : ‘लिब्रो की एल लिब्रो?’ शेवटी बरोबर वाक्य, आणि ते मुलाने एकदा म्हणायचं.

हे फक्त त्या आठवड्याच्या रचनेसाठी. बाकी चुका वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवायच्या. एकाच वाक्यातल्या तीन चुका दुरुस्त केल्या की १३ वर्षांचं मूल पुढच्या वेळी हातच वर करत नाही. या वयात वर्गासमोर चुकण्याची लाज सहावीतून आठवीकडे वाढत जाते, म्हणून आठवीत आधी जोडीदाराला सांगायचं, मग वर्गाला.

७ ऑगस्ट · जपानी वाक्य

कोरे वा होन देस का.
हे (तर) पुस्तक आहे का?

पाचही तुकडे त्याच क्रमाने. शेवटचा ‘का’ तर ध्वनीसकट तोच. नातं काही नाही, योगायोग आहे, आणि तेही मुलांना सांगायचं. पण क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, प्रश्नचिन्हाचं काम करणारा शब्द वाक्याच्या टोकाला, ही घडण मराठी मुलाच्या तोंडात बसलेलीच आहे. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, फक्त एकाच रूपात : वाताशी नो होन, माझं पुस्तक. वही असो वा फळा, ‘नो’ बदलत नाही.

चुकतं कुठे? पहिलं, ‘का’ गळतो. मराठीत ‘हे काय आहे?’ ला शेवटी ‘का’ लागत नाही. जपानीत सभ्य बोलण्यात ‘नान देस का’, लागतो. दुसरं, मराठीचा एकच ‘त’ जपानीत दोन होतो. ‘शाळेत आहे’ ला ‘नि’, ‘शाळेत अभ्यास करतो’ ला ‘दे’. मुलांना दिलेली कसोटी : नुसतं असणं की काही करणं? असणं तर नि, करणं तर दे. तिसरं, ‘आहे’ चे दोन : माणसांना आणि प्राण्यांना इमास, वस्तूंना आणि झाडांना आरिमास.

स्वरांची लांबी हे मोठं दुखणं. ओजिसान म्हणजे काका, ओजीसान म्हणजे आजोबा. मराठीत आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो, बोलताना तेवढं नाही, त्यामुळे कान तयार नसतो. बाकावर टिचकी : ओ-जि-सा-न चार, ओ-जि-इ-सा-न पाच. द्वित्व मात्र सोपं. ‘किते’ आणि ‘कित्ते’ मधला फरक म्हणजे ‘आता’ आणि ‘आत्ता’ मधला फरक. त्यालाही टिचकी, दोन आणि तीन.

१४ ऑगस्ट · लिंग

जर्मनची तीन लिंगं ऐकून मराठी मूल घाबरत नाही. तो, ती, ते आपल्याकडे आहेच. धोका उलटाच आहे. मूल मराठीचं लिंग तसंच उचलून नेतं. म्हणून जुळणारे आणि न जुळणारे शब्द वेगळे लावले. जुळतात : ते पुस्तक–डास बूख, ती शाळा–डी शूले. जुळत नाहीत : ती खुर्ची–डेर श्टूल, ते टेबल–डेर टिश, ती खिडकी–डास फेन्स्टर, तो फळा–डी टाफेल, ती वही–डास हेफ्ट. न जुळणाऱ्यांची कार्डं पेटीत दुप्पट, दोन वेगवेगळ्या वाक्यांसह.

रंग ठरलेले : डेर निळा, डी लाल, डास हिरवा. कार्डाची कडा रंगवायची, आणि नाम कधीही एकटं लिहायचं नाही.

‘मेड्शेन’ म्हणजे मुलगी, आणि तो शब्द नपुंसकलिंगी. पुस्तकं याला विचित्र म्हणतात. ‘-शेन’ हा लहानपण दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द नेहमी नपुंसकलिंगी. आपण मुलीलाही ‘ते लेकरू’, ‘ते पोरगं’ म्हणतोच.

२१ ऑगस्ट · जोडीकाम

अ आणि ब पत्रकं. एकाच खोलीचं चित्र, प्रत्येकात ६ वस्तू कमी. विचारून भरायचं, ६ मिनिटं.

पहिल्या फेरीत दोन मिनिटांत सगळे मोकळे झाले, कारण पत्रकं एकमेकांना दाखवली. दोघांच्या मध्ये उभी फाइल ठेवली. दुसऱ्या फेरीत मराठी सुरू झाली. कारण आळस नाही, मधली वाक्यं नसणं हे आहे. वस्तूंची नावं येत होती, पण ‘पुन्हा सांग’, ‘डावीकडे की उजवीकडे?’, ‘थांब, लिहितो’, ‘झालं का?’, ‘मला कळलं नाही’, ‘आता तू’ ही सहा वाक्यं शिकवलीच नव्हती. ती बाकावर चिकटवली. तिसऱ्या फेरीत काम चाललं. गोंगाट होतो, तो व्हायलाच हवा. सहा मिनिटं संपल्यावर एक मिनिट पत्रकं शेजारी ठेवून तपासणी.

४ सप्टेंबर · वाचन आणि घरचं लेखन

वाचनाचे उतारे ६० ते ८० शब्दांचे. आधार न घेता समजण्यासाठी मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं शब्दसंग्रहाच्या अभ्यासातून पुढे आलेलं आहे. म्हणजे ८० शब्दांत अनोळखी एखाद-दोनच. तयार पुस्तकांत इतके सोपे उतारे मिळत नाहीत, म्हणून वर्गाच्या २५० शब्दांतूनच लिहिले.

घरी दिलेलं लेखन यंत्र-भाषांतरातून येऊ लागलं. ओळखू येतं : न शिकवलेले काळ, लांब वाक्यं, आणि मूल स्वतःचंच वाक्य मोठ्याने वाचू शकत नाही. त्यावर शिक्षा ठेवली नाही. लेखन वर्गात आणलं. चार चित्रं, ८ मिनिटं, किमान ५ वाक्यं, वही बंद. घरी उरलं ते ऐकणं आणि मोठ्याने वाचणं. यंत्र वापरायचंच असेल तर एका शब्दासाठी, आणि तो शब्द कार्डावर उतरवून.

२५ सप्टेंबर · तोंडी परीक्षा

प्रत्येकी ३ मिनिटं आणि अदलाबदलीला १. तासिकेत १०, म्हणजे गटाला ३ तासिका. दोघांच्या जोडीने घेतली तर वेळ निम्मा होतो, पण बोलका जोडीदार दुसऱ्याची मिनिटं खातो. एकेकटंच घेतलं. बाकी वर्ग त्या वेळात ऐकण्याचं पत्रक सोडवतो.

गुण चार बाबींना, प्रत्येकी ० ते ३ : सांगायचं ते पोहोचलं का, प्रश्न कळला का, उच्चार ऐकणाऱ्याला अडवतो का, ठरलेल्या रचना आल्या का. ‘पुन्हा सांगा’ असं त्या भाषेत म्हटलं तर गुण कापायचा नाही, दुसऱ्या बाबीत तो धरायचा. हे आधी जाहीर केलं नाही तर मुलं न कळलेल्या प्रश्नालाही मान डोलावतात.

पहिला प्रश्न सर्वांना माहीत असलेला. नाव विचारायचं आणि उत्तरानंतर ३ सेकंद थांबायचं. बरीच मुलं त्या तीन सेकंदांत स्वतःहून दुसरं वाक्य जोडतात.

३ ऑक्टोबर · पुढच्या सत्रासाठी

जपानी : काताकाना ही दुसरी लिपी आता सुरू करायची. ‘शि’ आणि ‘त्सु’, ‘सो’ आणि ‘न’ या जोड्या वेगळ्या आठवड्यांत. ‘शि’ आणि ‘न’ ची लांब रेघ खालून वर जाते, ‘त्सु’ आणि ‘सो’ ची वरून खाली. हे फळ्यावर हात फिरवूनच दाखवायचं, छापील तक्त्यावर दिशा दिसत नाही.

जर्मन : ‘फाटर’ (वडील) मधलं पहिलं रोमन अक्षर V बघून मुलं अजून ‘वाटर’ वाचतात. कार्डावर त्या अक्षराखाली रेघ.

स्पॅनिश : ‘ले’ चं पिवळं कार्ड काढायचं नाही.

तिन्ही गट : पाचव्या कप्प्यातली कार्डं दोरीने बांधून ठेवली आहेत. सत्राच्या पहिल्या तासिकेत नवा शब्द न देता तीच सोडायची, चुकलेली पहिल्या कप्प्यात, २० च्या मर्यादेत. आणि फळ्याची उभी रेघ त्याच तासिकेपासून.